चार तासांच्या आत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी पुण्यातून तयारी करणाऱ्यांची बरीच पत्रं या महिन्यात आली. दिवाळीचा फराळ संपत आलाय आणि हातात नऊ-दहा आठवडे आहेत. बहुतेकांच्या मनात एकच आकडा आहे: चार तास. म्हणून या वेळी त्याच आकड्याभोवतीचे प्रश्न निवडले आहेत.

माझी हाफ मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ १ तास ५८ मिनिटं आहे. आठवड्याला ४० किलोमीटर धावतो. फुल चार तासांत होईल का? (कोथरूड)

आज विचारलंत तर नाही. पीटर रिगेल या अमेरिकन अभियंत्याचं एक सूत्र धावपटूंमध्ये वर्षानुवर्षं वापरलं जातं. त्यानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८५ पट होते. तुमच्या ११८ मिनिटांना त्याने गुणलं की २४६ मिनिटं येतात, म्हणजे ४ तास ६ मिनिटं. तेही पुरेसा सराव असलेल्या पायांसाठी. आठवड्याला ४० किलोमीटर धावणाऱ्याची शेवटच्या दहा किलोमीटरांत यापेक्षा जास्तच घसरण होते. त्यामुळे आजच्या पुराव्यावर तुमचा प्रामाणिक आकडा ४:१० ते ४:१५ आहे.

सूत्राप्रमाणे चार तासांना १:५५ ची हाफ पुरते, पण त्यात शिल्लक काहीच राहत नाही. मुंबईचा दमटपणा, गर्दी आणि परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ यांसाठी चार-पाच मिनिटं हाताशी हवीत. म्हणून आमचा निकष १:५३ चा आहे. त्याचं उत्तर २३५-२३६ मिनिटं येतं.

ही परीक्षा घ्यायला पुण्यात चांगली सोय आहे. १९८३ पासून होणारी पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे मुंबईच्या सहा आठवडे आधी. तिथली हाफ जीव ओतून धावा. १:५३ च्या आत आलात तर चार तासांचा बेत पक्का करा. १:५४ ते १:५६ आली तर ४:०५ धरा. त्याहून जास्त लागली तर ४:१० धरा आणि चार तास पुढच्या वर्षासाठी ठेवा. मित्रांना आधीच सांगून ठेवलेला आकडा बदलणं जिवावर येतं, हे आम्हाला माहीत आहे. पण तिसाव्या किलोमीटरला चालत सुटण्यापेक्षा डिसेंबरात आकडा बदलणं कितीतरी सोपं आहे.

हिंजवडीत नोकरी आहे. आठवड्यात चारच दिवस जमतात. काय धावू? आणि दर शनिवारी सिंहगड चढतो, तो धरायचा का? (बाणेर)

चार दिवस पुरतात, फक्त प्रत्येक दिवसाचं काम वेगळं हवं. मंगळवारी वेगाचा सराव: २ किलोमीटर हलकं धावून मग १-१ किलोमीटरचे पाच तुकडे, प्रत्येकी ५:०० ते ५:१० च्या पेसने (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं), मध्ये दोन मिनिटं संथ जॉगिंग. बुधवारी ८ किलोमीटर, गप्पा मारता येतील इतक्या संथ, ६:३० किंवा त्याहून सावकाश. गुरुवारी १२ ते १५ किलोमीटर, त्यातले मधले ८ ते १० शर्यतीच्या पेसने. चार तासांसाठी तो पेस ५:४१. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव.

नेहमी चुकतो तो रविवारच. जवळजवळ सगळे जण तो ५:५० ने धावतात, कारण गटातले बाकीचे तसे धावतात. मग मंगळवारपर्यंत पाय जड राहतात आणि वेगाचा सराव फसतो. लाँग रन ६:१५ ते ६:३० ने धावा. अंतर २४, २७, मग हाफच्या आधीच्या रविवारी १८, हाफनंतर २८, ३० आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी शेवटचा ३२. त्या ३२ मधले शेवटचे १२ ते १४ किलोमीटर ५:४१ ने जमले, तर ती हाफइतकीच मोलाची खूण आहे. त्यानंतर टेपर, म्हणजे शर्यतीआधी अंतर कमी करत आणणं: २० चा रविवार, मग १४ चा. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात एकूण अंतर निम्म्यावर आणा, पण मंगळवारचा वेग सोडू नका. तुकडे पाचाऐवजी तीन करा.

जागा निवडतानाही थोडा विचार करा. पेसचा सराव सपाट रस्त्यावर हवा. रेसकोर्सभोवतीचा परिसर त्यासाठी बरा. हलक्या दिवशी वेताळ टेकडी किंवा तळजाई, कारण मातीवर पोटऱ्यांना आराम मिळतो. पेडर रोडची तयारी म्हणून एक-दोन लाँग रनचा शेवट कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडच्या चढावर करा. दमलेल्या पायांनी चढताना पेस विसरून दमावर लक्ष ठेवायचं, हे तिथे अंगवळणी पडतं. फक्त वाहनं वाढायच्या आत तिथून निघा.

सिंहगडाबद्दल. पायथ्यापासून पायवाटेने उभा सुमारे ६०० मीटर चढ आहे. दमाला तो उत्तम आहे, अडचण उतरण्याची आहे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो तो ते लांब होत असताना, आणि त्यात स्नायूतंतूंना बारीक इजा होते. शनिवारी गड उतरून रविवारी २८ किलोमीटर धावलात, तर विसाव्या किलोमीटरनंतर मांड्या बोलायला लागतील आणि तुम्हाला वाटेल दम कमी पडतोय. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, तोही शनिवारऐवजी बुधवारच्या जागी जमला तरच गड चढा. शेवटचे तीन आठवडे गडाला रजा द्या.

गेल्या वर्षी घड्याळात ४२.२ किलोमीटर झाले तेव्हा ३:५९:५० झाले होते, पण शेवटची कमान अजून अर्धा किलोमीटर पुढे होती. प्रमाणपत्रावर ४:०३ आले. मार्ग जास्त लांब आखला होता का? (औंध)

नाही, मार्ग बरोबर होता. प्रमाणित मार्ग खास मोजयंत्र लावलेल्या सायकलने मोजतात, वळणांवर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या रेषेने. शिवाय मार्ग चुकून कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर वाढवून धरतात. हजारोंच्या गर्दीत ती रेषा कुणालाच पकडता येत नाही. पाण्याच्या टेबलाकडे वळणं, लोकांना वळसा घालणं, वळणावर बाहेरून जाणं, यात तीन-चारशे मीटर सहज वाढतात. उंच इमारतींमध्ये जीपीएसची रेघ नागमोडी होऊन आणखी भर पडते.

म्हणून घड्याळात ४२.७ भरतील असंच धरा. चार तास भागिले ४२.७ म्हणजे ५:३७. घड्याळात सरासरी ५:४१ दिसत असेल तर तुम्ही तीन मिनिटांनी मागे आहात आणि ते तुम्हाला ४२ व्या किलोमीटरपर्यंत कळणार नाही. यावर सरळ उपाय म्हणजे घड्याळात दर किलोमीटरला आपोआप पडणारा लॅप बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकाशी स्वतः बटण दाबायचं. आणि फलकांच्या वेळा मनगटावर लिहून ठेवायच्या.

आम्ही सुचवतो त्या वेळा अशा. पहिले ५ किलोमीटर ५:५० ने, मग ३२ पर्यंत ५:३८ ने, आणि शेवटी ५:४५ ची सूट. म्हणजे ५ च्या फलकाला २९:१०, १० ला ५७:२०, अर्ध्याला १:५९:५१, ३० ला २:५०:००, ३२ ला ३:०१:१६, ३५ ला ३:१८:३१, ४० ला ३:४७:१६ आणि कमानीखाली ३:५९:५३.

सुरुवातीचे ५:५० बघून अनेकांना धीर राहत नाही. त्यांनी हा हिशोब करून पाहावा: पहिले दहा किलोमीटर ५:४१ ऐवजी ५:२५ ने धावलात तर जेमतेम पावणेतीन मिनिटं वाचतात. त्यापायी शेवटचे दहा ७:०० ने रखडलात तर तेरा मिनिटं जातात. शरीरातला ग्लायकोजनचा साठा, यकृत आणि स्नायू मिळून, साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरी. ६५ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला साडेसव्वीसशेच्या वर लागतात. वेग जितका जास्त, तितका त्या साठ्यातून उपसा जास्त आणि चरबीचा वाटा कमी. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला जी ‘भिंत’ आडवी येते, तिचा पाया पहिल्या दहातच घातलेला असतो.

जेल घेतलं की पोटात ढवळतं. त्याऐवजी चिक्की आणि खजूर चालतील का? आदल्या दिवशी काय खावं? शाकाहारी आहे. (सदाशिव पेठ)

आधी जेल का बाधतं ते पाहू. जेल म्हणजे दाट साखर. पुरेसं पाणी मिळालं नाही, किंवा वरून गोड एनर्जी ड्रिंक घेतलं, की ती साखर पातळ करायला आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं. मग ढवळणं, कळ, आणि रांग लावून शौचालय. जेल नेहमी साध्या पाण्याच्या चार-पाच घोटांबरोबर घ्या, पाण्याचं टेबल दिसलं की आधी जेल फोडा आणि मग पाणी प्या. आतड्यालाही सराव लागतो. या रविवारपासून प्रत्येक लाँग रनला शर्यतीत घेणार तेच, त्याच अंतराने घ्या. चार-पाच रविवारांत बहुतेकांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

किती घ्यायचं? तासाला ५० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणून पहिलं अर्ध्या तासाला आणि पुढे दर अर्ध्या तासाला, साडेतीन तासांपर्यंत सात. भूक लागण्याची वाट पाहू नका. बत्तिसाव्याला घेतलेलं जेल लगेच कामाला येत नाही. खजूर चालतो, पण छोट्या खजुरात ५-६ ग्रॅमच असतात, म्हणजे एका जेलच्या जागी चार. बिया काढून, दोन-दोनच्या पुड्या करून ठेवा. चिक्की मात्र नको. शेंगदाण्यातली चरबी पोटात रेंगाळते आणि धापा टाकताना चावायचं काम ठसक्याला आमंत्रण देतं. ओआरएसबद्दलही एक गैरसमज आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पाकिटात लिटरमागे फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते मिठासाठी ठीक आहे, ऊर्जेसाठी नाही.

शेवटचे दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे ८ ग्रॅम कर्बोदकं धरा. ६० किलोला ४८०. आपल्या ताटात ते असं बसतं: सकाळी ८० ग्रॅम पोह्यांची बशी (६०) आणि दिवसभरात दोन केळी (५०), दुपारी तीन मोठ्या वाट्या भात (१२०) आणि दोन पोळ्या (३५), संध्याकाळी जॅम लावलेले ब्रेडचे चार तुकडे (६०) आणि सहा चमचे साखरेचं लिंबू सरबत (३०), रात्री लवकर पुन्हा तीन वाट्या भात, पातळ वरण (१२० च्या वर). तूप, तळण, उसळी, पालेभाज्या, कोशिंबीर या दोन दिवसांत बेताने. वजन किलो-दीड किलो वाढेल, घाबरू नका. ग्लायकोजन आपल्याबरोबर पाणी साठवतं.

मुंबईची शर्यत संक्रांतीनंतर लगेच येते. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी आनंदाने खा, अजून दिवस हातात असतात. शुक्रवारपासून भाकरी थांबवा, कारण तंतू जास्त. उरलेल्या तिळाच्या गूळपोळ्या शनिवारी डब्यात घालून मुंबईला नेऊ नका. तीळ आणि तूप पचायला वेळ घेतात.

दोन्ही वेळा ३४ व्या किलोमीटरला पोटरीत गोळे आले. मित्र म्हणतात मीठ कमी पडतंय. लोणच्याचा खारही सुचवला. (धनकवडी)

मीठ हे कारणांपैकी एक आहे, पण आधी ३४ पर्यंतचा पेस तपासा. सरावात कधी न धावलेल्या वेगाने तीन तास धावलं की दमलेल्या स्नायूला आखडण्याचा आणि सैल होण्याचा संदेश नीट पोहोचत नाही, आणि तो आखडलेलाच राहतो. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी गोळे आले यावरून आमचा पहिला संशय वेगावर आहे. मंगळवार-गुरुवारी पायरीच्या कडेवर उभं राहून एका पायाने टाच वर-खाली, १५ चे तीन संच, दोन्ही पायांना.

मिठाचा अंदाज टोपीवरून येतो. वाळलेल्या काळ्या टोपीवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. शर्यतीत तासाला तीन-चारशे मिलिग्रॅम सोडियम घ्या. पाण्याचा अंदाज वजनकाट्यावरून. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आधी ६२.४, नंतर ६१.५, मध्ये ३०० मिली प्यालात, तर तासाला १.२ लिटर घाम. सगळा भरून काढायची गरज नसते, साधारण निम्मा पुरे. उलट प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिऊन वजन वाढलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

परदेशात ज्या लोणच्याचं पाणी पितात ते काकडीचं, मिठाचं आणि व्हिनेगरचं असतं. आपल्या लोणच्यात तेल, मोहरी आणि तिखट. तो प्रयोग टाळा.

पुण्याची डिसेंबरची पहाट कोरडी आणि गार असते, मुंबईत मात्र घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे म्हणून मुंबईत दम जास्त टिकेल, हे मनातून काढून टाका. एवढ्या उंचीचा लाभ नगण्य आहे. त्याऐवजी शेवटच्या तीन आठवड्यांत सात-आठ हलक्या धावा पहाटेऐवजी ऊन चढल्यावर, अकराच्या सुमारास करा. घाम लवकर सुटायला शरीर शिकतं.

शर्यतीच्या दिवशी पाळी येण्याची शक्यता आहे. गोळ्या घेऊन पुढे ढकलू का? (विमाननगर)

ताई, या कारणासाठी त्या गोळ्या पहिल्यांदाच घेत असाल तर शर्यतीसाठी नको. घ्यायच्याच असल्या तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोला. पाळीत धावायला हरकत नाही. या दोन महिन्यांतला एक लाँग रन पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून पाहा, म्हणजे कपडे, पॅड किंवा कप, पोटाचं दुखणं, सगळ्याचा अंदाज येईल. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी मात्र शर्यतीआधी किंवा धावताना घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात अशा वेदनाशामकांचा मूत्रपिंडांवर आणि जठरावर ताण येतो. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकलाही हेच लागू, बायकांना आणि पुरुषांनाही. याच महिन्यात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, आणि मग सराव वाढवूनही वेळ जागची हलत नाही. जेवणाला लागून चहा घेत असाल तर तो तासभर पुढे न्या.

नडगी दहा दिवस दुखतेय. धावत राहू का? (हडपसर)

एका बोटाने नडगीच्या आतल्या कडेवरून खालपर्यंत दाबत जा. चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात दुखतं आणि धावून अंग गरम झालं की कमी होतं, तर दोन आठवडे अंतर निम्मं करा, मातीवर धावा, उरलेला वेळ सायकल चालवा. एकाच नाण्याएवढ्या जागी कळ येते, त्या पायावर उडी मारवत नाही किंवा रात्री ठणकतं, तर धावणं आजच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच बूट चढवू नका.

कार्बन प्लेटचे नवे बूट शर्यतीलाच काढू का? (वाकड)

नको. ५० ते ८० किलोमीटर आधी वापरा, त्यात एक २५ च्या वरचा लाँग रन हवा.

आदल्या दिवशी पुण्याहून कसं आणि कधी निघावं? (नारायण पेठ)

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीआधीच्या प्रदर्शनात (एक्स्पोमध्ये) जाऊन घ्यावा लागतो, म्हणून शनिवारी सकाळी निघा. डेक्कन क्वीन ७:१५ ला सुटते. दादरला उतरून बिब घ्या आणि दुपारी दोनच्या आत मुक्कामी पोहोचून पाय वर करून पडा. एक्स्पोत तीन तास उभं राहणं म्हणजे पोटऱ्यांचा फुकट खर्च. सुरुवात पहाटे असते, तेव्हा तीन तास आधी नाही तरी दोन तास आधी दोन केळी आणि जॅम-ब्रेड पोटात हवेत. झोप लागली नाही तरी चालेल, शुक्रवारची झोप जास्त महत्त्वाची.

तिसाव्या किलोमीटरलाच कळलं की चार तास हुकणार, तर काय करायचं? (सहकारनगर)

समजा ३० च्या फलकाला २:५२:३० झाले. चार तासांसाठी उरलेले १२.२ किलोमीटर ५:३२ ने धावायला लागतील. दिवसभरात न जमलेला पेस तेव्हा जमत नाही, आणि प्रयत्न केलात तर पस्तिसाव्याला चालायला लागाल. त्याच क्षणी ४:०५ वर या; त्याला ५:५७ पुरतो. हा दुसरा आकडाही मनगटावर आधीच लिहिलेला हवा, कारण तिसाव्यानंतर डोकं हिशोब करत नाही.

आकडा बदलायचा की थांबायचं, यात मात्र गल्लत नको. उकाड्यात अंगावर काटा येणं, हुडहुडी भरणं, घेरी येणं, शेजाऱ्याचं बोलणं न उमगणं किंवा छातीत दडपण, यातलं काहीही झालं तर पळणं थांबवा आणि सर्वांत जवळच्या वैद्यकीय मदत केंद्राकडे हात करा. बिबच्या मागे रक्तगट, चालू औषधं आणि घरच्या माणसाचा फोन नंबर शनिवारी रात्रीच लिहा, बॉलपेनने. जेलपेनची शाई घामाने पसरते.